आईसह सुसज्ज सदनिका

माणसाला घर लागतं ही समजूत आता जुनी झाली. त्याला लागतं ते घरपण, आणि ते हल्ली महिन्याच्या बोलीवर, चादरी-टॉवेलांसकट मिळतं.

कंपन्यांच्या फिरत्या साहेबांसाठी त्या शहरात सुसज्ज फ्लॅटांची एक दोन विंगांची इमारत होती. प्रत्येक फ्लॅटमध्ये घरपणाचे तेच ते घटक काटेकोरपणे मांडलेले असत: राखाडी सोफा, होडीचं चित्र, न सुकणारं प्लॅस्टिकचं रोप आणि दोन कप (दुसरा, एकटेपणा जाणवू नये म्हणून).

ए विंगेत सातव्या मजल्यावर एक प्रशिक्षण अधिकारी राहत होता. गिऱ्हाइकाशी आपुलकीनं कसं बोलावं, हे तो कंपन्यांमधल्या लोकांना शिकवी. स्वतः मात्र ती आपुलकी फारशी वापरत नसे. हलवाई कुठे मिठाई खातो?

त्याची आई निवृत्त नर्स. चार दिवस लेकाकडे राहायला म्हणून ती शहरात उतरली, तेव्हा तो वर्ग घेत होता. फोनवर कुजबुजला, "सातवा मजला, डावीकडचं दार. किल्ली खाली मिळेल. आणि मी उशिरा येतो, लवकर जातो. दिसलो नाही तर घाबरू नकोस."

खाली व्यवस्थापकानं तत्परतेनं किल्ली दिली. ती बी विंगेतल्या सातव्या मजल्याची होती.

आई वर गेली. सोफा, होडी, रोप, सगळं लेकानं पाठवलेल्या फोटोतल्यासारखंच. एका शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं, म्हणून ती लावायला बसली. संध्याकाळी दार उघडून एक तरुण आत आला. हा औषधकंपनीचा विक्रेता. फ्लॅट त्याचा, शर्टही त्याचा.

"तू त्याच्यासोबत राहतोस वाटतं?" आई म्हणाली. "बोलला नाही मला. तो कधी काही बोलत नाहीच म्हणा. जा, हातपाय धू. जेवण गरम आहे."

तरुणाला माहितीपत्रक आठवलं. त्यात 'घरची माया' असं छापलेलं होतं. छापलेलं खरंही होऊ शकतं, या विचारानं त्याचा ऊर भरून आला आणि तो हातपाय धुवायला गेला.

तिकडे ए विंगेत लेक परतला तेव्हा आतल्या खोलीचं दार बंद होतं (ते सफाईवाल्यानं लावलं होतं). आई दमून झोपली असेल, म्हणून त्यानं ते वाजवलं नाही. सोफ्यावर झोपला, बाहेरच्या बॅगेतले कपडे घालून सकाळी निघून गेला. अशी त्यानं चार दिवस मातृसेवा केली. दुपारी आठवणीनं फोनही करी.

"बरी आहेस ना?"

"छान आहे. तुझा तो सोबती फार गुणी आहे रे."

"हो, हो. ठेवतो, मीटिंग आहे."

पाचव्या दिवशी विक्रेत्यानं अभिप्राय पाठवला: "गीझर बरा. आई उत्कृष्ट." व्यवस्थापनाची तातडीची बैठक भरली. अशी सुविधा आपण देत नाही, हे सर्वांच्या लक्षात आलं. पण ती बंद करावी असं एकालाही वाटलं नाही. व्यवस्थापकानं आईला सगळा घोळ समजावला आणि नोकरीच देऊ केली.

"चार दिवस त्याला कळलं नाही?" एवढंच तिनं विचारलं. मग म्हणाली, "कुठे सही करू?"

या नव्या सुविधेचं, आईच्या फोटोसकट छापलेलं पत्रक लेकाला मिळालं तेव्हा तो तणतणत खाली आला. "अहो, ती माझी आई आहे!"

"सगळे पाहुणे हेच म्हणतात, सर," व्यवस्थापक आदरानं म्हणाला. "तेच तर आमचं यश. बरं, त्यांचा कुठला गुडघा दुखतो?"

लेकानं आधी आपल्याच दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं.

"डावा," शेजारून जाणारा विक्रेता म्हणाला. "मी मलम आणलंय."

लेक बी विंगेत गेला. आईनं त्याला बसवलं, पाणी दिलं.

"चल घरी," तो म्हणाला.

"कुठल्या? तुझ्या बंद दाराआड?" ती हसली. "रागावले नाही रे. इथे निदान कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारतं. तू रविवारी ये. नोंदणी करून ये मात्र, नाहीतर लोक म्हणतील वशिला लावला."

तो नोंदणी करून आला. अर्धा तास मिळाला. त्यात त्याचा फोन दोनदा वाजला आणि त्यानं तो बंद करून ठेवला; इतकं लक्ष तिला पूर्वी फुकटात कधी मिळालं नव्हतं. निघताना त्यानं पुढचे सगळे रविवार मागितले. ते विक्रेत्यानं आधीच घेतले होते.

संस्थेचा व्याप आता इतर शहरांतही वाढतो आहे आणि अनुभवी आया हव्या आहेत. अट एकच: स्वतःच्या मुलांकडून फारशी मागणी नसावी. अर्जांचा ढीग पडला आहे. त्यात तुमच्या घरच्याही एक बाई आहेत, असं ऐकतो. खरंखोटं करायला आजच फोन लावून पाहा. (लागला नाही, तर मुलाखत चालू आहे असं समजावं.)