टलीबाईंची फुली

नाताळच्या आठवड्यात ऑनोरा टलीबाईंच्या स्वयंपाकघरात पुडिंगपेक्षा कागदच जास्त झाले होते. प्रत्येक कपट्यावर दोन नावं, प्रिंगल आणि टली, आणि टेबलाभोवती हातात पेन्सिली घेऊन बसलेल्या कोरुंगा गावच्या बायका. राज्याच्या निवडणुकीत व्हिक्टोरियातल्या बायका पहिल्यांदाच मत देणार होत्या. देशाच्या पार्लमेंटसाठी त्यांनी दोनदा दिलं होतं, पण मधे वर्षं गेली होती, म्हणून टलीबाई उजळणी घेत होत्या.

"हव्या त्या नावाशी फुली," त्या बजावत. "बाळंतपणापेक्षा सोपं आहे."

बाळंतपणातलं त्यांच्याइतकं त्या मुलखात कुणालाच कळत नव्हतं. चाळीस मैलांत त्या एकट्याच सुईण. डॉक्टर होता, पण आगगाडीने तीन तास लांब, आणि शनिवारनंतर मंगळवारपर्यंत शुद्धीवर नसायचा. गावातली निम्मी पोरं टलीबाईंच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांचा शब्द कोण मोडणार?

त्यांचा नवरा अँब्रोज खोगिरं शिवायचा आणि निवडणुकीला उभा राहायचा. खोगिरं टिकायची, तो पडायचा. चार वेळा उभा राहिला, चारही वेळा प्रिंगलने त्याला लोळवला. मेलबर्नच्या विधानसभेत घालायचा सूट त्याने पहिल्याच खेपेला शिवून ठेवला होता. तो आता दोनदा उसवून वाढवावा लागला होता. यंदा पाचवी खेप. यंदा पडलो तर पुन्हा नाव काढणार नाही, असं त्याने बायकोपाशी कबूल केलं होतं. सगळी भिस्त बायकांच्या मतांवर होती.

काय दिवस होते ते! उमेदवार उघड्या गाडीवर उभा राहून बोलायचा, लोक त्याला भंडावून सोडायचे आणि सभा संपली की त्याच्याच खांद्यावर हात टाकून चहाला जायचे. हल्ली तर धड हुर्यो उडवणारेही उरले नाहीत.

मतदानाच्या दिवशी टलीबाई शाळेत पोचल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. शिकवणीतल्या सातजणी मत देऊन बाहेर पडत होत्या. त्यांतली एल्सी बार्टल लगबगीने म्हणाली, "अगदी तुम्ही शिकवलीत तशीच फुली मारली हं, टलीबाई." टलीबाईंना कृतकृत्य वाटलं. मग त्यांनी भिंतीवरची सूचना वाचली आणि तडक मतदान अधिकाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अधिकारी म्हणजे आमचे शाळामास्तर, एम्स.

"मास्तर, हे काय लिहिलंय?"

"नियम आहे, बाई. राज्याच्या निवडणुकीत नको असेल त्याचं नाव खोडायचं. फुली देशाच्या पार्लमेंटला."

"आणि कुणी नावावर फुली मारली तर?"

"खोडलं, असं धरायचं."

टलीबाई पहिलीच्या बाकावर मटकन बसल्या. सातजणींनी अँब्रोजला खोडला होता, आणि खोडायला शिकवलं होतं खुद्द त्याच्या बायकोने.

पण हातपाय गाळून बसणाऱ्या त्या नव्हेत. दारातच उभ्या राहून त्या येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागल्या की फुली विसर आणि प्रिंगलवर रेघ ओढ. प्रिंगलच्या माणसाने लगेच तक्रार केली, कारण मतदानाच्या दारात प्रचाराला मनाई. हवालदाराच्या दोन्ही मुली टलीबाईंनीच जगात आणलेल्या. त्यामुळे त्याने टोपी काढली, माफी मागितली आणि बाईंना पन्नास पावलं दूर नेऊन सोडलं.

मग त्यांनी घोडागाडी जुंपली आणि गॉर्ली शेतकऱ्याचं रान गाठलं. गव्हाची कापणी ऐन भरात होती. बायका कामकऱ्यांना चहा घेऊन आल्या होत्या, त्यांना बाईंनी बांधावरच नवा धडा दिला. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण गेलेली सात मतं भरून काढायची म्हणून त्यांनी यंत्र थांबवून आठ कामकरी गाडीत कोंबले. गॉर्ली टलीचा कट्टर माणूस. तो जेवून परत येतो तर यंत्र उभं, माणसं गायब आणि पश्चिमेला ढग. त्याचा असा काही भडका उडाला की दोन भावांना घेऊन तो सरळ शाळेत गेला आणि तिघांनी टलीचं नाव खोडून टाकलं. खोडताना पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणतात.

दुपारी टलीबाईंनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. अँब्रोज खोगिराच्या पट्ट्याला मेण लावत होता.

"चार वेळा माझ्या अकलेने पडलो," तो म्हणाला. "एकदा तुझ्या अकलेने. त्यात काय मोठंसं?"

ढग न बरसताच पांगले; मतदान संपलं तेव्हा चांगलं ऊन होतं. पोस्टाबाहेरच्या फळ्यापुढे सगळं गाव जमलं. गावोगावच्या तारा येत होत्या, आकडे पुसले जात होते, नवे लिहिले जात होते. शेवटचे आकडे आमच्या कोरुंगाचे. ते लिहून झाले आणि क्षणभर कुणालाच खरं वाटेना. अँब्रोज टली पाच मतांनी निवडून आला होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा सूट पाठीत उसवला, पण त्याला पत्ताच नव्हता.

एम्स मास्तर मात्र टलीबाईंना बाजूला घेऊन गेले.

"बाई, अख्ख्या पेटीत फुल्या सातच निघाल्या. बाकी सगळ्या रेघा."

"ठाऊक आहे. टलीच्या नावावर."

"नाही. सातही प्रिंगलच्या."

म्हणजे त्या सातजणींनी आपला चहा पिऊन, आपलं पुडिंग खाऊन, आपल्याच पद्धतीने प्रिंगलला मत द्यायचा घाट घातला होता. नवऱ्याच्या विजयाचा बँड वाजत होता आणि त्या घरी येऊन भांडी आदळत होत्या.

सकाळी एल्सी बार्टल दारात उभी. रडून डोळे सुजलेले, सातवा महिना, उभं राहवत नव्हतं. तिने सगळं कबूल केलं. सातजणींनी मिळून ठरवलं होतं.

"का गं? काय वाईट केलं मी तुमचं?"

"टलीसाहेब निवडून आले की तुम्ही मेलबर्नला जाणार. मला फेब्रुवारीत होईल, रोझला मार्चमध्ये. सातहीजणी पोटुशा आहोत. आमचं कोण करणार, टलीबाई?"

टलीबाई हसू लागल्या आणि हसता हसता एप्रनने डोळे पुसू लागल्या. त्यांनी एल्सीला खुर्चीत बसवलं आणि अँब्रोज निवडून आला तो तुमच्याच सात फुल्यांनी, हे समजावलं. ते ऐकून एल्सीने जो गळा काढला, तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला.

अँब्रोज एकटाच मेलबर्नला गेला. बाई मागे राहिल्या. सातही बाळंतपणं सुखरूप पार पडली आणि त्यानंतर आणखी कितीतरी. अँब्रोज दर रविवारी पत्र लिहायचा. खाणावळीतलं मटण चामड्यासारखं आहे, आणि चामड्यातलं मला कळतं, असं एकदा त्याने कळवलं. पुढे पुढे पत्रांत राजकारण कमी होत गेलं आणि घरची चौकशी वाढली.

पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा उभा राहिला, कारण लोकांनी आग्रहच धरला, आणि तीन मतांनी पडला. निकाल ऐकून तो चालत घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि बूट काढायला बसला. टलीबाईंनी चहा ओतला, पण कप काही पुढे केला नाही.

"अँब्रोज, त्या तीन मतांतलं एक माझं होतं."

त्याने दुसराही बूट काढून बाजूला ठेवला.

"आणि एक माझं," तो म्हणाला.