आधी माणसं, मग गवत

आमचे मामा गवत कापायच्या आधी हजेरी घेतात. घरात जो कोणी असेल त्याने मागच्या लाकडी डेकवर येऊन उभं राहायचं, मामांनी नाव घेतलं की हात वर करायचा, आणि मशीन बंद होऊन मामा स्वतः परत येईपर्यंत डेकची पायरी उतरायची नाही. एकदा मी वॉशरूममध्ये होते, तर माझ्या नावाचा पुकारा दाराबाहेरून झाला. बाहेर हॉलमध्ये पाहुणे. मी आतून बारीक आवाजात 'आहे' म्हटलं. मामांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. त्या पाहुण्यांकडे मी अजूनही सरळ बघू शकत नाही.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, मिलिंदचे, सख्खे मामा. प्रभाकरराव चिंचमलातपुरे. नवऱ्याचे हा शब्द मी जरा ठासून उच्चारते, त्याला कारण आहे. टोरोंटोजवळच्या व्हिटबीच्या बाहेर, जिथे दुकानं संपतात आणि शेतं सुरू होतात, तिथे मामांचं घर आणि घरामागे भलं थोरलं लॉन. आणि त्यांच्या कुंपणापलीकडे राहतो डग. हा डग टोरोंटोला माझ्याच ऑफिसात आहे, माझ्याहून दोन पायऱ्या वर. म्हणजे मामा रविवारी जे काही करतील त्याचा खुलासा मला सोमवारी द्यावा लागतो.

मामांचं गवत कापायचं मशीन आहे झिरो टर्न. बसून चालवायचं, पण त्याला स्टिअरिंग नाही. दोन मांड्यांशी दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की पुढे, दोन्ही मागे ओढले की मागे, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन फिरतं. मिलिंदने एकदा हौसेने चालवायला घेतलं आणि तुळशीसाठी केलेल्या वाफ्यावरून नेलं. मामांना मात्र पहिल्याच दिवशी जमलं. ते वर्ध्याकडच्या खेड्यातले, लहानपणी बैलगाडी हाकलेली. म्हणाले, हे तर दोन कासरे हायत, याच्यात शिकायचं काय? पुढे इंजिनियर होऊन ते इकडे आले, मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात जन्म काढला, पण बोलणं तसूभर हललं नाही. इंग्रजीसुद्धा ते वर्ध्याच्याच चालीत बोलतात.

आता गवत कापणं हे काम कॅनडात बाकीचे लोक कसं करतात ते मी पाहिलंय. हातात बिअर, डोक्यावर उलटी टोपी, चालले. आमच्याकडे त्याला लग्नाइतका वेळ लागतो. सकाळी मामा पांढरे शुभ्र मोजे घालून, बुटांशिवाय, सबंध लॉनवर फेरी मारतात. मोजे ओले झाले तर त्या दिवशी काम रद्द, कारण ओल्या गवतावर चाकं घसरतात. मोजे कोरडे राहिले तर दुसरी फेरी, वाकून वाकून. खडे, काटक्या, डगच्या कुत्र्याचा चेंडू, सगळं बादलीत. पातं खडा फेकतं तो गोळीसारखा, असं त्यांचं म्हणणं. मग कानांवर ती मोठी कर्णकवचं, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा, पट्टा आवळायचा, आणि मग हजेरी. मागच्या नाल्याकडच्या उतारावर ते हे मशीन नेतच नाहीत. तिथे साधं ढकलायचं मशीन घेऊन घाम गाळतात. एवढं महागाचं घेऊन वर पुन्हा ढकलता कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आधी माणसं, मग गवत. घाई कोणाले हाय?"

डगने मला ऑफिसच्या किचनमध्ये विचारलं होतं, ते मोजे घालून चालणारे गृहस्थ तुझे कोण? मी म्हटलं, माय हजबंड्स अंकल. 'हजबंड्स' वर जोर देऊन.

मामा अंगाने काटकुळे. त्यामुळे लॉनवर जरा कुठे धक्का बसला आणि ते सीटवरून बोटभर उचलले गेले की सीटखालच्या स्विचला वाटतं माणूस उतरला, आणि मशीन बंद पडतं. मिलिंदमधला पुणे-नागपूर मिश्र इंजिनियर लगेच जागा झाला. तो वायरचा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, मामा, हा स्विच बायपास करून टाकू, दोन मिनिटांचं काम. आपल्याकडे अशा सूचनेला हुशारी म्हणतात. मामांनी ती वायर त्याच्या हातातून काढून घेतली, खिशात घातली आणि म्हणाले, "माणूस उठला तं मशीन मेलं पायजे. मशीन जितं राह्यलं तं माणूस मरते." मग त्यांनी मांडीवर घ्यायला पिठाची पिशवी आणली आणि स्वतःचं वजन वाढवलं. तेव्हापासून मामा दरवेळी मांडीवर आट्याची गोणी बांधून गवत कापतात. ब्रॅम्पटनच्या देशी दुकानातून आणलेली, वर गव्हाच्या लोंबीचं मोठं चित्र असलेली. डगच्या बायकोने त्याचा फोटो काढला आहे, हे मला ठाऊक आहे.

पोळ्याचं तर विचारूच नका. विदर्भात पोळ्याला बैलांना सुट्टी, म्हणून मामांच्या मशीनलाही सुट्टी. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात तसे मामा त्या दोन दांड्यांना हळद-तूप चोळतात आणि मशीनसमोर हात जोडून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य. हार मात्र घालत नाहीत, हार पात्यात अडकतो. डग कुंपणावर कोपरं टेकून हे सगळं बघत होता. सोमवारी त्याने विचारलं, तो पिवळा पदार्थ वंगण म्हणून वापरतात का? मी म्हटलं, इट्स कल्चरल. असं म्हटलं की इथले लोक पुढे विचारत नाहीत.

पण खरी शरम वाटली ती गेल्या मे महिन्यात. मामांनी मराठी मंडळातल्या चार लोकांना भरीत-भाकरीला बोलावलं होतं. ब्रॅम्पटनहून एक तरुण जोडपं आलं, त्यांची दोन वर्षांची मुलगी बरोबर. मामा नुकतेच मशीन धुऊन त्यावर बसले होते. मशीन बंद. बापाने लाडाने मुलीला उचललं आणि मामांच्या मांडीवर ठेवलं, फोटोसाठी. काका, एक राउंड मारून आणा ना, तिला मज्जा येईल. तुम्ही-आम्ही सगळे असेच वाढलो, स्कूटरवर बाबांच्या पुढे उभे राहून, वारा खात. त्यात त्या माणसाचं काय चुकलं?

मामांनी मुलीला दोन्ही हातांनी उचलून तिच्या आईकडे दिलं आणि त्या बापाला जे काही सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. आवाज असा चढलेला की डगकडचा कुत्रा भुंकायला लागला. मुलगी रडायला लागली. ते जोडपं न जेवता निघालं. मी गाडीपर्यंत त्यांच्यामागे श्रीखंडाचा डबा घेऊन धावले, तो त्यांनी घेतला नाही. डबा हातात धरून मी ड्राइव्हवेवर उभी, आणि समोरच्या घरातले लोक खिडकीत. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आत आले तर मामा बेसिनपाशी हात धूत उभे. एवढं ओरडायला काय झालं होतं, असं मी विचारलं. ते हात धूतच राहिले.

मामांना एकच मुलगी, अनघा. ती टोरोंटोला असते. तिला पाच वर्षांची इरा. मामी जाऊन काही वर्षं झाली, त्यामुळे एवढ्या घरात मामा एकटे. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एक कोडं होतं. इरा आजोबांकडे येते ती फक्त थंडीत. ख्रिसमसच्या सुट्टीत दोघं बर्फाचा गणपती करतात, मामा दारातला बर्फ उपसताना तिला एक छोटं फावडं देतात. एप्रिल संपला, बर्फ वितळलं, गवत वर आलं की येणं बंद. उन्हाळाभर मामा एकटे भरीत खातात. मी मनात पक्कं धरलं होतं की अनघाला बापाची लाज वाटत असणार. मोजे, आट्याची गोणी, हळद. मला वाटते, तर तिला का वाटू नये?

त्या भरिताच्या प्रकारानंतर आठवड्याभरात अनघाचाच फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "वहिनी, बाबा मला उन्हाळ्यात येऊच देत नाहीत. दोन वर्षं झाली. कधी ताप आहे म्हणतात, कधी ॲलर्जी. इरा रोज विचारते. तू विचारशील का, आमचं काय चुकलं?"

मी विचारलं. मामा म्हणाले, गवत लय वाढून राह्यलं, ते आवरलं की बोलावतो. मला संताप आला. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी, एकुलती एक नात, आणि या माणसाला गवताची पडलीये. मी अनघाला सरळ सांगितलं, परवानगी मागत बसू नकोस, शाळा सुटली की बॅग भर आणि ये. मी तिथे असेन.

जूनअखेरचा शनिवार. मोजे कोरडे निघाले होते. मिलिंद आणि मी हजेरी देऊन डेकवर उभे. मामा मांडीवर गोणी घेऊन निम्मं लॉन कापून आले होते, आणि ड्राइव्हवेवर अनघाची गाडी येऊन थांबली. गाडीचं दार पुरतं उघडायच्या आत इरा बाहेर पडली. मशीनचा आवाज ऐकला आणि ती घराच्या बाजूने मागे धावत सुटली, दोन्ही हात वर करून, थेट मशीनकडे. अनघा हसत तिच्यामागे येत होती. मीसुद्धा हसत होते.

मामांना ती दिसली. त्यांनी पातं बंद केलं, दांडे बाहेर ढकलून मशीन जागीच रोखलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. सगळं अगदी रोजच्या क्रमाने. मग ते उतरलेच नाहीत. इरा जवळ पोचली आणि म्हणाली, "आजोबा, राइड?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. गोणी सोडून खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला, गाठ सुटेना. मिलिंद पुढे गेला तर त्यालाही हाताने थांबवलं. मग अनघाकडे न बघता बोलायला लागले.

"दोन वर्साआधी हिले मीच मांडीवर घेऊन फिरवत होतो. तू व्हिडिओ काढत होती. लाडच होते ना. मग एका दिवशी तू आत फोनवर होती, अन् हे झोपली होती. मी शेडपाशी मशीन मागं घेऊन राह्यलो होतो. चष्मा पुसाले म्हणून थांबलो. वळून पायलं तं पोट्टी मागं उभी. इथं, चाकापाशी. अशेच हात वर करून. घे म्हनून."

त्यांनी चष्म्यावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"चष्मा खराब होता म्हनून वाचली, अनघा. मी काई पायलं नव्हतं. काई ऐकू आलं नव्हतं. फक्त चष्मा खराब होता."

अनघाने इराला उचलून घेतलं. एवढं घट्ट की ती कुरकुरली. अनघा तशीच वळून गाडीच्या दिशेने चार पावलं गेली आणि मला वाटलं, संपलं, आता ही जाणार आणि पुन्हा थंडीतसुद्धा येणार नाही. आणि बोलावून घेणारी मी. मिलिंदकडे बघायचीही मला हिंमत होईना.

अनघा परत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तेव्हाच का नाही सांगितलंत, बाबा?"

"कोन्या तोंडानं सांगू? सांगतलं असतं तं तू पोरीले पाठवलंच नसतं."

"म्हणून तुम्हीच नाही येऊ दिलंत?"

मामा मशीनवर बसून होते, मोठ्या माणसांसमोर अपराधी मूल बसतं तसे, आणि इतकी वर्षं मला ज्याची लाज वाटत होती तो माणूस आमच्या सगळ्यांहून जास्त लाजेत जगत होता. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या हजेरीला मी हसले होते. त्या बापाला त्यांनी का झिडकारलं हे मला आता कळलं. इराने हळूच विचारलं, इज आजोबा क्रायिंग?

शेवटी अनघा म्हणाली, "मिलिंद, गाडीतून बॅग काढ." आणि मामांपुढे हात केला. मामांनी मशीनची किल्ली तिच्या हातावर ठेवली. म्हणाले, "तू जाईपर्यंत तुह्यापाशीच राहू दे."

त्या दोघी राहिल्या. जुलै निम्मा सरला. मामांचं लॉन अर्धं कापलेलं होतं ते तसंच राहिलं, आणि उरलेलं अर्धं पिवळ्या फुलांनी भरून गुडघ्यापर्यंत आलं. बाजूच्या रस्त्यावरून जाणारे गाड्या हळू करून बघायला लागले. इतकी वर्षं ज्या लॉनवर काडी दिसली नव्हती तिथे आता गवताचं रान, आणि त्या रानात एक लहान मुलगी आणि एक काटकुळे गृहस्थ दिवसभर काहीतरी शोधत असायचे.

एका रविवारी मी तिथे होते तेव्हा डग कुंपणाशी आला. बिचाऱ्याने भल्या मनाने विचारलं, तुमचं मशीन बिघडलंय का? मी माझं आणून कापून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे.

मामा गवतातून उठले. कपड्यांवर कुसळं, डोक्यावर इराने खोचलेलं एक पिवळं फूल. हात जोडून, अगदी वर्ध्याच्या चालीत म्हणाले, "नो नो, डगभाऊ. मशीन इज फाइन. माय ग्रँडडॉटर इज हिअर."