फडकं डिकीत आहे

मास्तरांच्या गाडीत काय आहे हे विचारू नये, काय नाही ते विचारावं. शाळेत चित्रकला शिकवणारा हा माणूस घर ते शाळा अशी मोजून अकरा मिनिटं गाडी चालवतो. तेवढ्यासाठी गाडीत पाठ चेपणारी गादी आहे, पाणी गार करणारा छोटा फ्रिज आहे, पुढचंमागचं टिपणारा कॅमेरा आहे, पायाशी निळे दिवे आहेत. छतावर सामानाचं कॅरिअर आहे, त्याने आजवर कबुतरांखेरीज काही वाहिलेलं नाही. शिवाय चाकात हवा भरायचा पंप, गाडी ओढायचा दोर, दुसऱ्याच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करायच्या तारा, काच फोडायच्या दोन हातोड्या आणि बारा मऊ फडक्यांचा संच, हे सगळं डिकीत, दुकानातल्या प्लास्टिकसकट. "वेळ काही सांगून येत नाही," असं मास्तर सगळ्यांना सांगत.

खरं कारण वेळ नव्हतं, साडू होता.

मास्तरांच्या धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दर रविवारी दोघी बहिणी फोनवर तासभर बोलत. मग मास्तरांची बायको भाजी निवडता निवडता सहज म्हणे, "त्यांच्या गाडीत म्हणे फ्रिज आहे." झालं! मास्तरांना जेवण गोड लागायचं नाही. आणि पुढच्या रविवारच्या आत फ्रिज यांच्याही गाडीत येऊन बसायचा.

हेवा नुसता वस्तूंचा असता तरी भागलं असतं. पण मध्ये सासरे होते. त्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि गाडीतलं खरं कळणारा घरात तेवढा एकच माणूस. एकदा एका लग्नाला ते चष्मेवाल्यांच्या गाडीतून आले आणि उतरताना चारचौघांत म्हणाले, "गाडी बरी ठेवलीय." तेव्हापासून ते तीन शब्द मास्तरांच्या पोटात दुखत होते. सासऱ्यांच्या तोंडून ते एकदा आपल्यासाठी ऐकायचे, एवढंच आता राहिलं होतं.

आणि सासऱ्यांचा मोतीबिंदू पिकला. डोळा म्हटल्यावर सगळा कारभार चष्मेवाल्यांकडे. डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, तारीख त्यांनी घेतलेली. आदल्या दिवशी मास्तरांनी जळफळत फोन केला. "ऑपरेशन तुम्ही करून घ्या. घरी मात्र मी सोडणार."

"बरं, दादा," चष्मेवाले म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की मास्तरांना उगीच संशय आला.

ऑपरेशनच्या दिवशी मास्तर सपत्नीक दवाखान्यात पोचले ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. गाडी भिंतीला नाक लावून उभी केली. इंजिन बंद केलं, पण फ्रिज चालू ठेवला, गादी चालू, दिवे चालू, कॅमेरा तर कायमच चालू. किल्ली काढली तरी सगळं चाललं पाहिजे, हे त्यांनी दुकानदाराला बजावून करून घेतलं होतं. शेजाऱ्यांना दाखवायचं तर दर वेळी इंजिन कोण चालू ठेवणार? मग ते आत गेले; चष्मेवाले सासऱ्यांना डॉक्टरांच्या स्वाधीन करून दुकान उघडायला गेले होते. अर्ध्या तासाचं काम, पण डॉक्टरांना तीन तास लागले.

डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले सासरे पुढच्या सीटवर बसले. बायको मागे. मास्तर श्वास रोखून वाट बघू लागले. सासऱ्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग समोर.

"काच अंधुक दिसतेय," ते म्हणाले.

"बाबा, आजच ऑपरेशन झालंय. दोन दिवसांत स्वच्छ दिसेल."

सासऱ्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मास्तरांच्या नाकासमोर धरलं. "फडकं द्या, जावईबापू."

"एक का, बारा आहेत!" मास्तर उड्या मारत डिकीकडे गेले आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं. डिकी ढिम्म. पुन्हा दाबलं. मग त्यांच्या लक्षात आलं की निळे दिवे विझलेत, गादी गप्प आहे, फ्रिज गप्प आहे. बॅटरीने राम म्हटला होता.

"घाबरू नका," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे तारा आहेत."

"कुठे?" बायकोने विचारलं.

"डिकीत."

"मग किल्लीने उघडा की."

किल्लीचं भोक बटण बसवताना चकचकीत पट्टीखाली गेलं होतं. मागची सीट पाडून आत हात घालावा, तर नव्या सीट कव्हरच्या दोऱ्या शिंप्याने डिकीच्या बाजूने बांधल्या होत्या. काच फोडावी, तर हातोड्याही डिकीत. एक नव्हे, दोन!

"मी बहिणीला फोन करते. भावजी येतील," बायको म्हणाली.

"खबरदार. गाडी इथेच गंजली तरी चालेल!"

साडूने येऊन आपल्याला सोडवायचं आणि सासऱ्यांनी ते एका डोळ्याने बघायचं! एका डोळ्याने बघितलेलंसुद्धा जन्मभर पुरलं असतं.

"ढकला," सासरे म्हणाले. "मागे उतार आहे. रिव्हर्समध्ये टाका, धक्का दिला की होईल चालू." त्यांनी खाली उतरून दवाखान्याचा वॉचमन आणि दोन पेशंटचे नातेवाईक गोळा केले. मास्तर स्टिअरिंगवर बसले. "चला, जाऊ द्या!" सासऱ्यांनी गाडीवर दोनदा थाप मारली. गाडी सुटली, आणि मागे पोर्चच्या कमानीवरून खाली लोंबणाऱ्या पाटीखालून जाताना छतावर खाड्‌कन आवाज झाला. मास्तरांनी घाबरून ब्रेक दाबला. इंजिन चालू झालंच नाही. कॅरिअरने मात्र आयुष्यात पहिल्यांदा सामान उचललं होतं. 'कृपया शांतता राखा' ही पाटी साखळ्यांसकट वर आडवी पडली होती आणि वॉचमन तिच्याकडे बघत मोठमोठ्याने ओरडत होता.

तेवढ्यात एक टॅक्सी येऊन थांबली आणि तिच्यातून चष्मेवाले उतरले. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने फोन पर्समध्ये टाकला.

"तुमची गाडी कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "घरासमोर. तीन दिवस बंद आहे. डिकी उघडत नाही, तारा आत आहेत." मग ते हळूच म्हणाले, "दादा, ते डिकीचं बटण तुम्ही बसवलंत म्हणून मीही बसवलं."

"मी? अहो, तुमच्याकडे आहे असं कळलं म्हणून मी बसवलं!"

"आणि फ्रिज?"

"तोही तुमच्याकडे आधी होता ना?"

दोघेही मास्तरांच्या बायकोकडे वळले. ती दवाखान्याच्या खिडक्या मोजत होती.

"बहीण म्हणाली आमच्याकडे अमुक आहे, तर मी काय गप्प बसू?" ती शेवटी म्हणाली. "मी म्हणायची आमच्याकडे तमुक आहे, नसलं तरी. मग तुम्ही दोघं ते आणायचात. बहिणीला खोटं तर पाडता येत नाही."

पाटी उतरवून झाली, माफी मागून झाली, आणि गाडी तिथेच सोडून सगळे टॅक्सीत बसले. सासरे पुढे, बाकी तिघं मागे, दोन साडू मांडीला मांडी लावून. टॅक्सीत फ्रिज नव्हता, गादी नव्हती, कॅमेरा नव्हता.

"फडकं आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

टॅक्सीवाल्याने सीटखालून जुन्या बनियनचा तुकडा काढून दिला. सासऱ्यांनी काच आतून पुसली, टेकून बसले आणि म्हणाले, "गाडी बरी ठेवलीय."

मागच्या सीटवरून दोघांनीही एकदमच त्या तुकड्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यांचा हेवा मास्तरांना नवा नव्हता, पण टॅक्सीवाल्याच्या बनियनचा हेवा वाटायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःचं एक धडधाकट बनियन फाडलं, धुतलं, इस्त्री केलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवलं. ते अजून पिशवीतच आहे. वापरलं तर मळेल.

रविवारच्या फोनवर कळलं, चष्मेवाल्यांनी दोन फाडली.