खानझोडेकाकांचं तिसरं रीडिंग

भर मे महिन्यात, भोपाळमध्ये, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून हार्ड डिस्कला कान लावून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी खानझोडेकाका.

काका मूळचे नागपूरचे. वीज खात्यात मीटर तपासण्यात हयात गेली. एकाच रीडिंगवर मीटर पास करणाऱ्याला ते माणसात धरत नसत. निवृत्तीनंतर मीटर संपले, सवय कुठली संपायला! बिट्टन मार्केटातला दुधी, नवी छत्री, घरी आलेला पाहुणा, सगळ्यांची तीन रीडिंगं होतात. मला पास व्हायला दोन वर्षं लागली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क टकटक करायला लागली. ती कधीही डोळे मिटणार हे दिसत होतं. नवी हवी, आणि तीही कमी विजेवर चालणारी, असा काकांचा हट्ट. सोसायटीत सगळे म्हणाले, म्हातारा बिलाला घाबरतो. मीही त्यातलाच.

दोन डिस्का नापास होऊन एम. पी. नगरच्या दुकानात परत गेल्या. तिसऱ्या वेळी मी सोबत होतो. दुकानदाराने हातच जोडले.

"अंकल, हार्ड डिस्क ले रहे हो या दामाद देख रहे हो?"

"दामाद वापस नहीं होता भैया," काका म्हणाले, "ये तो होती है."

घरी तपासणी मांडली. घडी घातलेल्या सतरंजीवर डिस्क, शेजारी वीज मोजायचं यंत्र, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. जुन्या डिस्कवरचं एक भलंमोठं फोल्डर कॉपी करायला लावलं आणि मधूनमधून तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा डिस्कला हात लावत बसले. डिस्क आपली रमतगमत चालली होती.

"काका, फारच हळू आहे हो ही."

"हळू चालून राहिली तं चालू दे. मले का रेस खेळायची आहे?"

"मग एसएसडी घ्या ना. वीज कमी, आवाज तर नाहीच."

"ते नको, बाबू. ते म्हणे न सांगताच जाते." काकांनी स्टॉपवॉच पुसलं. "जाताना टकटक तरी करावं माणसानं."

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मग शेवटची परीक्षा. पंखा बंद, कूलर बंद, खिडकीसुद्धा बंद. "हे कानातलं मशीन बेइमान आहे," काका म्हणाले. "आधी पंखा ऐकवते, मंग माणूस." माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी नव्या डिस्कवरची एक फाइल लावली.

आधी काकांचाच आवाज, जरा तरणा: "हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन..." मग लांबून कुकरची शिट्टी. आणि स्वयंपाकघरातून, अगदी बारीक, बाईचा आवाज: "अहो, पानं वाढली. या ना."

काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. संध्याकाळी चहा घेतला होता आणि सकाळी उठल्याच नाहीत.

रेकॉर्डिंगमधले काका खेकसले: "थांब ना वं! टेस्टिंग चालू आहे."

फाइल संपली.

"फोटो ढीगभर आहेत," काका वहीत बघत म्हणाले. "आवाज एवढाच. पहिल्या दोन डिस्कांच्या घरघरीत नुसता कुकर ऐकू आला. कमी वीज खाते ते कमी घरघरते."

ज्याला बिल वाचवणारा म्हणून हसलो, तो माणूस आवाज वाचवत होता.

त्यांनी वहीत दोन आकडे लिहिले आणि फाइल पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. नियम म्हणजे नियम.

"अहो, पानं वाढली. या ना."

या वेळी काकांनी स्वतःच्या उत्तराची वाट पाहिली नाही. बटण दाबून फाइल थांबवली, वहीत 'पास' लिहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आलो वं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.