पहिल्या चाकाचा मान

श्री वायुदेवता साक्ष. राज्याभिषेक शक बेचाळीस, माघमासी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले आहे. पदरचे घातले नाही आणि कोणाचा मुलाहिजाही ठेविला नाही.

त्या राज्यात वैमानिकांची पथके दोन. झुंजार पथकाचे लोक वेगाची विमाने उडवीत, त्यांस शेला, तुरा आणि पंचारती. आणि भारवाहू पथकाचे लोक पोटाळ विमानांतून पीठ, औषधे, आजारी माणसे वाहत, त्यांस दरबारी गगनहमाल म्हणत. विद्या दोघांची एकाच शाळेत होई, मग निवडीचे दिवशी वरचे झुंजारांत जात आणि उरले ते भार वाहत. मंजुळाबाई शेडगे परीक्षेत पहिल्या आल्या आणि भारवाहू पथक मागत्या जाहल्या. सेनापती हैबतराव हसून बोलिले, "बाई, पहिल्या येऊन गोण्या वाहणार?" बाई बोलिल्या, "सरकार, आम्ही नेलेले पीठ लोक खातात. आपला गडगडाट कोण खातो?" सभा हसली, आणि हैबतरावांनी ते मनात ठेविले.

मग माघात उत्तरेचा शीतगड बर्फाने कोंडला, वाट बुजली, कोठारे सरली, आणि किल्लेदार सुभानजी खराडे बिनतारीवर रोज धान्य मागू लागले. आभाळ निवळताच मंजुळाबाईंनी विमान भरून सज्ज केले. परंतु रिवाज ऐसा की, नव्या धावपट्टीस पहिले चाक झुंजार विमानाचे लागावे, मग हमालांचे. आणि शीतगडची पट्टी नवी, आखूड, चढाची. भारवाहू विमान सावकाश येऊन चढावर थांबते. झुंजार विमानास तेवढी जागा पुरत नाही. बाईंनी हे हिशेब मांडून सांगितले. हैबतराव बोलिले, "हमालांनी आम्हांस उतरणे शिकवू नये," आणि स्वतः गेले, गडावर घिरट्या घातल्या, तेल सरत आले तैसे परतले, आणि पट्टी नालायक ठरविली. सायंकाळी सुभानजींनी विचारिले, "घोंघावून गेले ते कोण? आम्ही टोप्या हलविल्या. पीठ कधी?"

मग दरबारात मसलत होऊन गडास हुकूम सुटला की, बर्फ खणून पट्टी लांब करावी, म्हणजे सेनापतींचा मान राहील. भुकेल्या माणसांस हा हुकूम! आणि ती माणसे खणती जाहली. दुसरे दिवशी सुभानजींचा आवाज खोल गेलेला आला, "बाई, खणता खणता चौघे बसले ते उठलेच नाहीत. पट्टी थोडी वाढली आहे. अजून किती पाहिजे, ते सरकारांस विचारा."

मंजुळाबाईंनी कोणास काही विचारिले नाही. रागाने कानशिले तापली होती, तरी प्रत्येक गोणीचा दोर त्यांनी स्वहस्ते ओढून पाहिला आणि विमान उडविले. हैबतराव आपले विमान घेऊन मागून आले आणि बिनतारीवर गरजले, "मागे फिरा! पहिले चाक आमचे!"

"मग या खाली, सरकार. नाहीतर गप्प बसा, मला पट्टी पाहू द्या."

आणि बाई उतरल्या, हैबतराव वर घिरट्या घालीत राहिले. सुभानजी काठी टेकीत आले, पिठाच्या गोणीवर हात ठेवून उभे राहिले आणि बोलिले, "जिवंतांचे आम्ही पाहतो. या चौघांस तेवढे घरी न्या."

परतीस हैबतराव वेगामुळे आधी पोहोचले. राजधानीत नौबत झडली, गड वाचविला म्हणून पंचारती जाहली, शेला पांघरला. मग पोटाळ विमान उतरले आणि महाराजांनी विचारिले, "मंजुळाबाई, हुकूम मोडून काय आणिलेत?"

बाईंनी मागील दार उघडविले. घोंगड्यांत गुंडाळलेले चौघे ओळीने निजले होते, आणि एकाच्या मुठीतून फावड्याचा मोडका दांडा सुटला नव्हता.

"महाराज, सेनापतींची पट्टी खणणारे आणिले आहेत. पहिले उतरण्याचा मान आज यांचा होता. सेनापतींनी घाई केली." नौबत थांबली. हैबतराव बाजूस सरले, परंतु शेला काढला नाही.

तात्पर्य इतके की, रिवाज कायम राहिला, आणि मंजुळाबाईंस बेअदबीची शिक्षा जाहली ती ऐसी की, झुंजार पथकाचे दार त्यांस जन्मभर बंद. मात्र शीतगडच्या पट्टीच्या तोंडाशी चौघांनी खणलेला तो तुकडा आहे, त्यावर भारवाहू पथकाचा कोणीही चाक टेकवीत नाही. तो ओलांडून पुढे उतरतात. हा हुकूम कोणी काढलेला नाही.