डबलबारचं कीर्तन

वडनेरच्या शाळेत कसरतीचा दोन दांड्यांचा डबलबार येऊन दोन महिने झाले होते, आणि त्यावर आजवर चढलं होतं ते फक्त हेडमास्तरांचं धोतर, वाळायला. पोरगं उलटं टांगलं की त्याचं आतडं उलटं होतं, हे गावाचं शास्त्र. शास्त्रापुढे शाळेचं काय चालतं! पण महिन्याभरानं खात्याचे साहेब कसरती पाहायला येणार होते. कसरत झाली तर ड्रिल मास्तर महादेवराव नोकरीत कायम, नाहीतर घरी.

हेडमास्तर हिंमतराव म्हणाले, "गावाले समजावा. जिमनॅस्टिकच्या इतिहासातल्या तारखा हायेत ना तुमच्या वहीत? ठोका भाषन."

"भाषनाले कुत्रं तरी येते का, सर? गाव जमते ते कीर्तनाले."

"मंग कीर्तन करा!"

महादेवरावांना एवढंच हवं होतं. वहीत तारखा तीनच होत्या, पण भाव असला की तीन पुरतात. एकादशीला मारुतीच्या देवळात ते चिपळ्या घेऊन उभे राहिले.

"सन अठराशे शहाण्णव! अथेन्स क्षेत्री ऑलिंपिक भरलं, आन् तिथं हाच डबलबार उभा होता!"

"विठ्ठल विठ्ठल!"

"सन एकोणीसशे तीन! अँटवर्प नगरी, जगातले पह्यले अजिंक्यपदाचे सामने! सन एकोणीसशे अठ्ठावीस! अ‍ॅमस्टरडॅमले बायाबी उतरल्या!"

पहिल्या रांगेत बसून प्रत्येक बुवाची चूक काढणाऱ्या सत्यभामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "कसल्या पुन्यवान व माय!"

इथं थांबते तर मास्तर सुखी होते. पण रंग भरला होता. ते म्हणाले, "एक दांडी संसार, दुसरी परमार्थ. जीव मधात लटकते!"

सकाळी पाहतात तर डबलबारला हळदीकुंकू, झेंडूची माळ, खाली फोडलेला नारळ. सत्यभामाबाई उदबत्ती ओवाळत होत्या.

"आता तरी पोट्टे चढवू ना, आजी?"

"चढवा ना. पन पाय नाही लावाचा. परमार्थाले लाथ मारता काय?"

"आन् संसाराच्या दांडीले?"

"मारून पाहा. घरी गेल्यावर बायको सांगते."

त्या दिवसापासून आजी चिंचेची शिमटी घेऊन डबलबारपाशीच बसू लागल्या. पोरं नुसत्या हातांवर झुलू लागली, हातांवर चालू लागली. पाय दांडीच्या वीतभर जवळ आला की शिमटी पोटरीवर. मास्तर खुर्चीत बसून "शाबास" म्हणत. शिकवणं ते याहून वेगळं काय असतं!

साहेब आले आणि पाहतच राहिले. "एकाचाही पाय दांडीला लागला नाही! मी पुण्यातही इतकी शुद्ध कसरत पाहिली नाही. गुरुजी, आता तुम्ही दाखवा."

महादेवरावांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या हातात काही नव्हतं. सगळं गाव कुंपणाला लागून उभं होतं. मारुतीचं नाव घेऊन ते चढले, एक झोका घेतला, दुसऱ्या झोक्याला पायाचा अंगठा परमार्थात अडकला आणि मास्तर खरोखरच मधात लटकले.

"लागला! लागला!" कुंपणावरून गलका उठला.

साहेबांनी शेरा लिहिला, "मुले उत्तम. शिक्षकास कायम करावे. मुलांच्या संगतीत सुधारणा होईल."

खात्यानं सोडलं, पण गाव सोडतं होय? मास्तरांना खाली उतरवल्या उतरवल्या सत्यभामाबाईंनी निकाल दिला, "अकरा एकादश्या कीर्तन करा. याच डबलबारचं."

"अवो आजी, तारखा तीनच हायेत वहीत! किती वेळा सांगू?"

"चौथी हाये ना."

"कोन्ती?"

"आजची."

पुढच्या एकादशीला महादेवराव चिपळ्या घेऊन उभे राहिले. अथेन्स झालं, अँटवर्प झालं, अ‍ॅमस्टरडॅम झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"सन एकोणीसशे त्रेसष्ट! वडनेर क्षेत्री..."

"मोठ्यानं म्हना, मास्तर," पहिल्या रांगेतून आवाज आला, "मांगच्या लोकांले आयकू नाही येऊन राह्यलं."