कालबाह्य, पण चालू

जन्मनोंदणी कार्यालयाच्या संगणकात किती जागा उरली आहे, हे विचारण्याची एक अधिकृत पद्धत होती. तिचं नाव यूस्टॅट. हा एक जुना सिस्टीम कॉल. म्हणजे प्रोग्रामने हाक मारायची आणि जोडलेल्या डिस्कवर मोकळी जागा किती, ते संगणकाने सांगायचं. उत्तरात डिस्कच्या नावासाठीही एक रकाना असे, पण तो कायम कोरा येई. त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही, कारण कोऱ्या रकान्यांची कार्यालयात सगळ्यांनाच सवय होती.

पुढे वरून आदेश आला, की यूस्टॅट कालबाह्य झाला आहे. तो चालू राहील, पण वापरू नये. प्रोग्रामर बाईंनी नवा कॉल बसवायची परवानगी मागितली. साहेबांनी समजावून सांगितलं, की चालू असलेली गोष्ट बदलायची तर ती आधी बंद पडावी लागते. शेवटी मधला मार्ग निघाला. यूस्टॅट वापरायचा, आणि दर वेळी ‘हा वापरू नये’ अशी सूचना डिस्कवर नोंदवायची.

सूचना साठत गेल्या. जागा घटू लागली, तसं साहेबांनी काळजीपोटी ती घडोघडी विचारायला लावली. प्रत्येक विचारणेला एक सूचना. व्हायचं तेच झालं, डिस्क गच्च भरली. यूस्टॅटने इमानेइतबारे सांगितलं, की जागा नाही. पण उत्तर कालबाह्य मार्गाने आलेलं असल्यामुळे साहेबांनी ते ग्राह्य धरलं नाही.

नेमका त्याच दुपारी प्रोग्रामर बाईंचा धाकटा भाऊ खिडकीशी आला. कडेवर तान्ही मुलगी. बायको दूरच्या शहरात नोकरीवर रुजू होणार होती, संध्याकाळचं विमान होतं, आणि जन्मदाखल्याशिवाय मुलीला विमानात घेणार नव्हते.

“ताई, ही जन्मलीय गं. मी स्वतः बघितलंय,” तो काकुळतीने म्हणाला.

“मला सांगतोस? आत्या आहे मी तिची. पण ती संगणकात मावत नाहीये.”

बाई तडक साहेबांकडे गेल्या आणि साठलेल्या सूचना पुसू द्या म्हणून हात जोडले. साहेबांना धक्काच बसला. सूचना पुसल्या, तर सूचना दिल्या होत्या याला पुरावा काय? सूचना जागच्या हलणार नव्हत्या. त्या वगळल्या, तर डिस्कवर उरत होते फक्त लोकांचे जन्म.

साहेबांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि निर्णय दिला. ज्यांनी बऱ्याच वर्षांत आपल्या जन्माची चौकशीच केलेली नाही, त्यांच्या नोंदी कालबाह्य समजून काढून टाकाव्यात.

“पण साहेब, ती माणसं जिवंत आहेत.”

“असू देत की. चालू राहतील. फक्त वापरू नयेत.”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. भाची अंगठा चोखत त्यांच्याकडेच बघत होती. बाईंनी बटण दाबलं.

दाखला निघाला, भाची विमानात बसली, आणि बाईंना त्या रात्री शांत झोप लागली. काढून टाकलेल्या माणसांची यादी ठेवायची होती, पण तोवर नव्या सूचनांनी जागा परत भरली. तेव्हा हे वाचून हसत असाल तर खुशाल हसा. फक्त आपल्या जन्माची चौकशी तुम्ही शेवटची कधी केली होती, तेवढं जरा आठवून बघा.